दोन आठवड्यांचे पाहुणे, चौदा दिवसांची प्रार्थना

या ब्लॉगवर सहसा प्रयोगशाळेतलं काहीतरी असतं: एखादा पेपर, त्यातला आलेख, आणि तो आलेख खरंच तेवढं सांगतो का याची उलटतपासणी. आजचे दोन पेपर प्रयोगशाळेबाहेरचे आहेत, उलटतपासणी मात्र तीच. एक प्रार्थनेवरचा, दुसरा अल्पकालीन मिशन टीम्सवरचा. दोन्ही २००६ सालचे. आणि दोन्हींचा संबंध मी राहते त्या कुर्ल्याशी जोडायचाय, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई आज कुठे भरकटली.

कुर्ल्यात दोन तऱ्हेची चर्चेस दिसतात. पश्चिमेला होली क्रॉस चर्च आहे, पोर्तुगीज काळातलं, १८४८ मध्ये पुन्हा बांधलेलं. आजूबाजूची ईस्ट इंडियन कुटुंबं इथली जुनी रहिवासी, घरात मराठीचीच एक बोली बोलणारी. तिथे आता कोणी मंडळी स्थापन करायला येत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी झाली. दुसरी तऱ्हा म्हणजे रविवारपुरता भाड्याने घेतलेला हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, मराठी नाहीतर हिंदी नाहीतर तमिळ उपासना, आणि आठवडाभर घरोघर फिरणारा एक पाळक. जागा बदलली की मंडळीचा पत्ता बदलतो. इंग्रजीत या माणसाला ‘चर्च प्लँटर’ म्हणतात. आपल्याकडे सुवार्तिक, किंवा नुसतं पाळकसाहेब.

अशा माणसाला लांबून आधार द्यायचे दोन मार्ग जगभर रूढ आहेत. एक, त्याच्यासाठी नियमित प्रार्थना करायची. तो दर महिन्याला प्रार्थनेचे विषय कळवतो, आणि कुठेतरी दूरच्या शहरात चार माणसं ते वाचून गुडघे टेकतात. दुसरा मार्ग, एक टीम तयार करून आठ-पंधरा दिवस त्याच्याकडे जायचं. मुलांचं शिबिर घ्यायचं, भिंती रंगवायच्या, गाणी म्हणायची, साक्ष द्यायची, परतायचं. रॉबर्ट वुथनाव आणि स्टीफन ऑफट या समाजशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अंदाज मांडला होता की अमेरिकेतले सुमारे सोळा लाख चर्च-सदस्य दरवर्षी अशा दौऱ्यांवर देशाबाहेर जातात. सोळा लाख! एवढ्या मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या गोष्टीचा परिणाम कोणीतरी मोजला असेलच. मोजलाय. माझी तक्रार कुठे मोजलाय याबद्दल आहे.

आधी प्रार्थना. हे मोजमाप बरंच जुनं आहे. १८७२ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने प्रार्थनेच्या परिणामकारकतेवर एक लेख लिहिला. युक्तिवाद मजेशीर होता: राजाराण्यांच्या दीर्घायुष्यासाठी देशभर दर रविवारी प्रार्थना होते, मग ते इतर सुखवस्तू लोकांपेक्षा जास्त जगतात का? आकडे म्हणाले, नाही. त्याच लेखात त्याने मिशनऱ्यांनाही सोडलं नाही. एवढ्या सगळ्यांच्या प्रार्थना पाठीशी असून ते परदेशात पोचल्यावर लवकर मरतातच की, असा त्याचा सूर. मिशनऱ्यांना आणि त्यांच्या समर्थकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. पण मुद्दा पूर्ण चुकीचा नव्हता, आणि मराठी मुलखातली उदाहरणं त्याच्या बाजूचीच होती. त्याकडे येतेच.

गाल्टनकडे फक्त मृत्यूच्या नोंदी होत्या. खरा प्रयोग व्हायला शंभरेक वर्षं गेली. सॅन फ्रान्सिस्कोत रँडॉल्फ बर्डने हृदयरोग कक्षातल्या ३९३ रुग्णांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये छापून आला, आणि त्यात प्रार्थना झालेल्या गटाची स्थिती थोडी बरी निघाली. मोजलेल्या बाबी इतक्या होत्या की काहीतरी बरं निघणारच होतं; नियमित वाचकांना हा आजार ओळखीचा आहे. मग आला २००६ चा मोठा अभ्यास. हर्बर्ट बेन्सन आणि सहकारी, सहा रुग्णालयं, बायपास शस्त्रक्रियेचे १८०२ रुग्ण, चोवीस लाख डॉलरचा खर्च. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. पहिल्या गटासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही, आणि या दोघांनाही सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. तिसऱ्या गटाला मात्र नक्की सांगितलं: होणार आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस प्रार्थना चालली. गुंतागुंत झालेल्या रुग्णांचं प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१. म्हणजे फरक शून्य. तिसऱ्यात, ज्यांना खात्रीने माहीत होतं त्यांच्यात, ५९ टक्के.

वर्तमानपत्रांनी बातमी केली ती ५२ आणि ५१ ची: प्रार्थनेचा उपयोग नाही, विषय संपला. मला त्या आकड्यांपेक्षा प्रयोगाची रचना जास्त खटकते. प्रार्थना करणारे होते तीन धार्मिक गटांतले लोक, रुग्णांना न ओळखणारे. त्यांना प्रत्येक रुग्णाचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं, आणि यशस्वी शस्त्रक्रियेसाठीचं एक ठरावीक वाक्य प्रार्थनेत घालायला सांगितलं होतं. औषधाच्या चाचणीत हे बरोबरच आहे. गोळी सगळ्यांना सारखी हवी, देणाऱ्याला रुग्ण माहीत नको. पण अशी प्रार्थना कोण करतं? माझ्या ओळखीची ख्रिस्ती माणसं ज्यांच्यासाठी प्रार्थना करतात त्यांच्या धाकट्या मुलाचा ताप त्यांना माहीत असतो, हॉलच्या मालकाने भाडं वाढवलं हे माहीत असतं. आंधळा प्रयोग करायचा म्हणून प्रार्थनेतून ओळखच काढून टाकली, आणि जे उरलं ते मोजलं. मसाला गाळून मग भाजीला चव नाही म्हणण्यातला प्रकार. शिवाय दुसऱ्या गटातल्या रुग्णांसाठी घरचे लोक प्रार्थना करत होते ते थांबवणं शक्यच नव्हतं, आणि संशोधकांनी ते मान्यही केलंय. अभ्यास प्रामाणिक आहे. पण त्याने जगात क्वचितच कोणी करत असलेल्या प्रार्थनेची चाचणी घेतली.

तिसरा गट मात्र मला सोडवत नाही. ५९ विरुद्ध ५२, हा फरक सांख्यिकीच्या नेहमीच्या कसोटीवर टिकतो (सापेक्ष जोखीम १.१४, आणि ९५ टक्के मर्यादा १.०२ ते १.२८, म्हणजे टिकतो, पण काठावर). योगायोग असू शकतो. एक अंदाज असाही मांडला गेला की आपल्यासाठी खास प्रार्थना चालू आहे हे कळल्यावर रुग्णाला दडपण आलं असेल: माझी तब्येत एवढी वाईट आहे की काय? आता हा विचार बायपासच्या खाटेवरून उचलून कुर्ल्याच्या हॉलमध्ये ठेवून बघा. दोनशे माणसं आपल्यासाठी प्रार्थना करतायत आणि महिनाअखेरीस त्यांना काय उत्तर मिळालं हे कळवायचंय, हे ज्या पाळकाला माहीत आहे, त्याच्या पत्रात कुठले आकडे येतील? बाप्तिस्मे किती, नवी कुटुंबं किती. जे कुटुंब दोन वर्षं येऊन गुपचूप यायचं बंद झालं, ते येईल का पत्रात? कोणी खोटं लिहितं असं मी म्हणत नाहीये. पण निवड होते. आपल्या क्षेत्रात नकारात्मक निकाल ड्रॉवरमध्ये राहतात, तसंच.

प्रार्थनेचा परिणाम करणाऱ्यावर काय होतो, यावरचं संशोधन मला जास्त उपयोगी वाटतं. नॅथॅनियल लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की जोडीदारासाठी किंवा मित्रासाठी प्रार्थना करणाऱ्यांची त्याला क्षमा करण्याची तयारी वाढते. हा दावा मोजता येतो आणि त्यासाठी देवाला प्रयोगशाळेत बोलवावं लागत नाही. पण इथेही मोजमाप प्रार्थना करणाऱ्याचंच, ज्याच्यासाठी केली त्याचं नाही, हे लक्षात ठेवा.

आता दुसरा पेपर. कर्ट व्हेर बीक हा समाजशास्त्रज्ञ स्वतः होंडुरासमध्ये राहणारा. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने त्या देशात हजारो घरं पाडली. उत्तर अमेरिकेतल्या चर्चच्या टीम्स घरं बांधायला आल्या. काही घरं स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी होंडुरासच्याच माणसांकडून बांधून घेतली. म्हणजे तुलनेला दोन गट आपोआप तयार झाले. व्हेर बीकने घरमालकांना विचारलं, आणि टीममधल्या प्रवाशांनाही विचारलं. १२७ जणांनी प्रश्नावली भरून दिली.

एका टीमचा खर्च सरासरी तीस हजार डॉलर. एका घराचा खर्च दोन हजार. भागाकार तुम्हीच करा. त्यात घरमालकांच्या उत्तरांत दोन्ही गटांत फारसा फरक सापडला नाही. घर कोणी बांधलं याने त्यांच्या आयुष्यात वेगळं काही घडलं नव्हतं. प्रवाशांचं काय? जवळपास साठ टक्के म्हणाले की दौऱ्यानंतर आम्ही मिशनच्या कामाला जास्त देणग्या देऊ लागलो. व्हेर बीकने इथे जे केलं त्यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन: त्याने संस्थेच्या देणग्यांच्या नोंदवह्या काढल्या. तिथे तशी वाढ दिसेना.

हा पेपर चर्चच्या वर्तुळांत बराच गाजला, काहींना झोंबलाही. त्यावरचे आक्षेप रास्त आहेत. एकच देश, एकच संस्था, नमुना लहान, प्रश्नावली काही वर्षांनंतरची, त्यामुळे आठवणीचा घोळ. आणि सगळ्यात मोठा: घर मोजता येतं, मंडळी नाही. विटांचं काम बाहेरच्याने केलं काय आणि गावच्याने केलं काय, भिंत तीच. नव्या मंडळीत भिंत शेवटी येते, आलीच तर. पण बहुतेक अभ्यास प्रवाशालाच विचारतात, तुझ्यात काय बदल झाला? व्हेर बीकने ज्याच्या दारात पाहुणे आले त्याला विचारलं. एवढ्यासाठी तरी हा पेपर वाचायला हवा.

मग मंडळीच्या बाबतीत यजमानाची बाजू कुठे वाचायला मिळते? होंडुरासपर्यंत जायची गरज नाही. मराठीत या विषयाची दोनशे वर्षांची कागदपत्रं पडली आहेत.

१८०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात एका गवताच्या गंजीआड बसून परदेशातल्या मिशनसाठी प्रार्थना करत होते. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड उभं राहिलं, आणि त्या बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. हीच पुढे अमेरिकन मराठी मिशन: अहमदनगर, ‘ज्ञानोदय’, शाळा, सगळं. ‘प्रार्थनेने काय होतं’ असं कोणी विचारलं की ही गंजी हमखास पुढे येते. साखळी खरी आहे, कागदोपत्री आहे. पण आपल्याला सवयीने पुढचा प्रश्न पडतो: त्या काळात अशा किती गंजींआड किती मुलं बसली असतील, ज्यांच्यातून काहीच निघालं नाही? आपण फक्त उगवलेलं बी मोजतो.

आणि गाल्टनचा मुद्दा. याच पहिल्या तुकडीतली हॅरिएट न्यूवेल. कलकत्त्याला पोचताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना निघून जायला सांगितलं, आणि १८१२ च्या नोव्हेंबरात मॉरिशसला ती वारली. वय १९. तिचा नवरा सॅम्युअल न्यूवेल पुढे मुंबईला आला, तो १८२१ मध्ये पटकीने गेला. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या फेरीवर असताना पटकीनेच गेला, ४१ व्या वर्षी. हॅरिएट मराठी मुलखात पोचलीच नाही, एकही मंडळी तिने पाहिली नाही. पण तिचं चरित्र १८१४ मध्ये अमेरिकेत निघालं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या झाल्या. हॉलने तेरा वर्षं इथे काढली, मराठी शिकला, त्याने ज्यावर काम केलं तो मराठी नवा करार त्याच्या मृत्यूच्या वर्षी छापून झाला. कुठली गोष्ट पाठवणाऱ्यांच्या घरोघर पोचली? जी अर्ध्या वाटेत संपली ती. पाठवणाऱ्यांना पाठवणीची गोष्ट भावते. आजच्या दौऱ्यांचे फोटो बघतानाही मला हेच दिसतं.

उलट बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे, आणि तो जबरदस्त आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते. डब्यात एक गोरा माणूस भेटला. गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला, आणि म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो माणूस कोण होता हे पुढे कधीच कळलं नाही. (टिळक म्हटल्यावर कुर्लेकराच्या डोळ्यांसमोर टर्मिनस येतं. ते लोकमान्य. आजचे टिळक दुसरे, तेही कोकणातलेच.) दोन आठवडे सोडा, काही तासांची भेट. इतिहासातलं सर्वांत अल्पकालीन मिशन म्हणा. अल्पकालीन दौऱ्यांची बाजू घेणाऱ्याला याहून चांगलं उदाहरण मराठीत सापडायचं नाही.

पण उदाहरण उलगडून बघू. त्या डब्यातल्या माणसाने टीम आणली नव्हती, फोटो काढला नव्हता, परत जाऊन अहवालात एक आकडा वाढवला की नाही ते कोणालाच माहीत नाही. त्याने समोरच्या कवीशी कवितेबद्दल बोलून सुरुवात केली. पुढची दोन वर्षं टिळकांनी एकट्याने वाचन केलं, शंका काढल्या, पत्रव्यवहार केला. बाप्तिस्मा घेताना तो भारतीय पाळकाच्या हातून घ्यायचा हा त्यांचा आग्रह होता. आणि लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा. मिशनच्या वहीत १८९५ सालच्या रकान्यात अधिक एक एवढीच नोंद होणार. त्या एकाच्या मागे पाच वर्षांची ताटातूट, माहेरची नातेवाईक मंडळी, सोवळं-ओवळं, राग, विनोद, आणि १९०० साली स्वतःच्या चालीने तिथे पोचलेली एक बाई. हे पुस्तक मी कॉलेजात वाचलं तेव्हा विनोदासाठी वाचलं. आता वाचताना वाटतं की यजमानाच्या बाजूने लिहिलेला इतका तपशीलवार अहवाल कुठल्याही मिशनच्या कपाटात नसेल.

टिळकांच्या पुढच्या आयुष्यातली एक गोष्ट या विषयाशी थेट भिडते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. शेवटची दोन वर्षं त्यांनी ‘देवाचा दरबार’ या कल्पनेत घालवली: ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा आपला मेळा, बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही खुला, मिशनच्या पैशावर न चालणारा. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. मोजणाऱ्याच्या दृष्टीने हा फसलेला प्रयोग. पण तो कशाबद्दल होता ते बघा. मदतीची दोरी दुसऱ्याच्या हातात असली की चाल कोणाची राहते, हाच प्रश्न. त्याच्या बाराएक वर्षं आधी, १९०५ च्या नाताळात, श्रीरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली ती याच अस्वस्थतेतून: माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय. पुढे तमिळनाडूत लहान लहान प्रार्थना-गटांतून फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँड उभी राहिली. प्रार्थनेला जमणारी माणसंच खिशातून मिशनऱ्यांचा खर्च उचलतात, नावातच ‘प्रेयर बँड’ आहे. प्रार्थना आणि पैसा एकाच हातातून येतात तेव्हा प्रार्थनेचा विषय नुसता वाचून बाजूला ठेवता येत नाही.

प्रार्थना कुठून कुठे जाते, यावर केडगावचं उदाहरण तर चक्रावून टाकतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला अमेरिकेतून आणि इतर ठिकाणांहून मदत यायची, ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचं त्यांचं पत्र बाहेर जायचं. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनेचे गट सुरू केले. दुष्काळातून वाचलेल्या, विधवा, टाकलेल्या मुली, ज्यांच्यासाठी जगाने प्रार्थना करायची अशी प्रथा, त्याच दुसऱ्यांसाठी प्रार्थना करू लागल्या. त्या जूनमध्ये केडगावात जे धार्मिक उत्थापन झालं त्यावर तिथल्या मिनी अब्राम्स यांनी एक पुस्तिका लिहिली आणि चिलीमधल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूव्हर यांना पाठवली. १९०९ मध्ये चिलीत व्हालपरायसोला जी चळवळ उठली, जिच्यातून तिथली पेंटेकोस्टल मंडळी निर्माण झाली, तिच्या उगमाशी ही पुस्तिका आहे. दौंडजवळच्या एका आश्रमातून दक्षिण अमेरिकेत! कोणाचं विमान नाही, टीम नाही. पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झाली, आणि नेमकी हीच शक्यता वरच्या दोन्ही पेपरांच्या रचनेत बसत नाही. तिथे एक बाजू कायम देणारी, दुसरी कायम मोजली जाणारी किंवा तीही नाही.

आता परत कुर्ल्यात. व्हेर बीकचा पेपर वाचून पटकन निघणारा निष्कर्ष आहे ‘मग येऊ नका, पैसेच पाठवा’. आपल्याकडे तो तसाच्या तसा लागू होत नाही. परकीय देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येऊ शकतो, आणि नोंदणी असलेली मोठी संस्था तो पुढे दुसऱ्या लहान संस्थेला देऊ शकत नाही. भाड्याच्या हॉलमधल्या मंडळीकडे अशी नोंदणी नसेल तर परदेशातून भाडं भरायचा कायदेशीर रस्ताच बंद. कायदा योग्य की अयोग्य यावर वेगळी चर्चा होऊ शकते. इथे मुद्दा एवढाच की होंडुरासचा भागाकार कुर्ल्यात करता येत नाही.

आणि येण्याचंही तसंच. पर्यटक व्हिसावर मिशनरी काम करायला भारतात परवानगी नाही, त्यासाठी वेगळा व्हिसा आहे. तरी कोणी पर्यटक म्हणून येऊन हॉलमध्ये उपदेश केला, तर काय होतं? झालीच कारवाई तर पाहुण्याला परत पाठवतील, पुन्हा यायला बंदी घालतील. तो आपल्या देशात पोचेल, तिथे कदाचित त्याची ‘साक्ष’ आणखी रंगेल. पोलीस ठाण्यात जबाब द्यायला पाळक. हॉलच्या मालकाला तोंड द्यायलाही तोच. शेजाऱ्यांच्या नजरा त्याच्या मुलांवर. हॉल आणि नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांनाही हाकलायचे हुकूम निघाले होते, गव्हर्नर नेपियनने शेवटी राहू दिलं. पण ते हुकूम त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर होते. आज जोखीम पाहुणा घेतो आणि भरतो यजमान. अल्पकालीन मिशनच्या खर्चाच्या कुठल्याच तक्त्यात मला हा रकाना दिसलेला नाही, व्हेर बीकच्याही नाही.

म्हणून कुर्ल्यात कोणी हा अभ्यास करणार असेल तर मी काय मोजेन ते सांगते. टीम येण्याआधीचे सहा आठवडे, टीमचा काळ आणि नंतरचे सहा आठवडे, या तिन्ही काळात पाळकाने किती घरांना भेटी दिल्या. पाहुण्यांना विमानतळावरून आणणं, जेवणं, दुभाषेपणा, लोणावळा दाखवणं यात किती दिवस गेले. दुभाषा कोण होता. पाळकाची बायको असेल तर तिचं काम कोणी केलं. नंतर वर्षभरात पाहुण्यांपैकी किती जणांनी स्वतःहून फोन केला, आणि फोनवर काय विचारलं. प्रार्थनेसाठी: जे त्याच्यासाठी प्रार्थना करतात त्यांतल्या किती जणांना त्याच्या मुलांची नावं ठाऊक आहेत. आणि त्याच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या यादीत त्यांच्यापैकी किती जण आहेत. हा शेवटचा प्रश्न केडगावमुळे सुचला, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त माहिती तोच देईल.

अडचण एकच, पण मोठी. पाहुण्यांबद्दल विचारलं की पाळक म्हणणार, फार छान होतं, देवाची स्तुती असो. घरी आलेल्याबद्दल वाईट बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि पुढच्या वर्षीची मदत त्याच उत्तरावर अवलंबून असू शकते. त्यामुळे मुलाखत घेणारी व्यक्ती देणगीदारांच्या बाजूची नको, त्या मंडळीतलीही नको, मराठी नीट बोलणारी हवी. आणि एकदा नाही, तीनदा-चारदा जायला हवं. खरी उत्तरं बहुधा चौथ्या चहाला येतील, तीही पाळकाकडून नाही, त्याच्या बायकोकडून.